पांढऱ्या फडक्यावरची मोजणी

खसखशीचा एक दाणा
तळहातावर घेऊन बघा.
त्याला आठ पाय आहेत असं समजा.
जून महिन्यात गोचीड एवढीच असते.

मी फडकं ओढते.
मीटरभर लांब, मीटरभर रुंद, पांढरं फ्लॅनेल,
वरच्या कडेला काठी, काठीला दोरी.
दर वीस पावलांवर थांबायचं, उलटं करायचं,
चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकायची.
रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं
ही बाई धुणं घेऊन रानात वाट चुकली.

नोव्हा स्कोशियाचा दक्षिण किनारा.
समुद्रावरून धुकं आलं की काम बंद.
ओल्या फडक्याला काही लागत नाही.

अशाच एका धुक्यात अर्डिथ वेंटझेलने मला आत घेतलं.
तिच्या खिडकीच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर वर्ष.
पहिल्या बाटलीत एकच.
"लोरनच्या काखेत सापडली होती.
आख्खी आळी बघायला आली,
मी सगळ्यांना कॉफी केली."
दुसऱ्या वर्षी तीन. मग अकरा.
पुढच्या बाटलीचा तळ दिसत नाही.
त्याच्या पुढे बाटली नाहीच, मुरंब्याची बरणी.
त्यानंतर फळी रिकामी.
"सोडलं मोजणं," ती म्हणाली,
"धुक्याचे थेंब मोजतं का कोणी?"

पूर्वी जानेवारीवर भरवसा होता.
आता जानेवारीच येतो कधी, जातो कधी.
पाचोळ्याखाली त्या निवांत असतात.

लोरनचा चेहरा मे महिन्यात
एका बाजूने ओघळला.
लॉबस्टरचा हंगाम संपायला दोन आठवडे होते,
म्हणून तो तसाच बोटीवर गेला, तीन दिवस.
डॉक्टर आधी म्हणाले, अर्धांगवायू.
मग जरा थांबून विचारलं, रानात गेला होतात?
लोरन उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसला.
घरच रानात त्याचं.
लाल कडं? नाही, तसलं काही उठलं नव्हतं.
सगळ्यांनाच उठत नाही.
एकवीस दिवस गोळ्या. चेहरा परत आला, जवळजवळ.
शिट्टी तेवढी आली नाही.
कुत्र्याला बोलवायला तो आता पातेलं वाजवतो.

रात्री, गोष्टीच्या आधी,
त्यांची नात ब्रिन दिव्याखाली हात वर करून उभी राहते.
अर्डिथ बघते: काखा, कानामागे, गुडघ्यामागे, बेंबी.
मग सात वर्षांची ती पोर म्हणते, आता तुझी पाळी.
आणि अर्डिथ, स्वयंपाकघराच्या मधोमध,
मानेवरचे पांढरे केस उचलून धरते.

कचेरीत भिंतीवर नकाशा आहे.
आमचा जिल्हा आधी फिकट पिवळा, मग नारिंगी,
आता असा लाल की गावांची नावं वाचता येत नाहीत.
लाल रंग नदीपाशी थांबतो.
पलीकडे पांढरं.
पांढरं, कारण तिकडे कोणी फडकं ओढलेलं नाही.
हरीण तर पोहून जातं.
पाखरं कानाशी घेऊन उडतात.
पूल ओलांडायचा राहिला होता, तो फक्त आम्ही.

मंगळवारी ओलांडला.
पहिल्या वीस पावलांत काही नाही. दुसऱ्या वीसांत नाही.
एका पडीक सफरचंदाच्या बागेत, दगडी बांधाच्या कडेने
सहाव्यांदा फडकं उलटलं.

बागेची मालकीण कुंपणाशी आली होती.
"काय सापडलं?"
मी फडकं पुढे केलं.
तिने गळ्यातला चष्मा लावला, वाकली,
म्हणाली, ही तर माती आहे.

माती चालू लागली.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात
भीती नव्हती, अजून नव्हती.
तिने बांधापलीकडे हाक मारली,
हेझन, बघायला ये, आणि आईलाही आण,
मग माझ्याकडे वळून,
कॉफी घेशील ना?

मी कुपीवर तारीख लिहीत होते.
हो म्हणाले.